घाटात रेंज नव्हती

— नाही नाही, बसा की, बसल्याशिवाय कसं कळणार? नुसतं उभ्यानं बघायचं तर फोटोतही दिसलं असतं. थांबा, मी मागून धरतो. आधी तिला सरळ करा, मग स्टँड काढा — उलट नको, दोनशे आठ किलो आहे, पायावर आली तर तुमच्या घरच्यांना तोंड मला द्यावं लागेल. हां, असं. टेकतायत ना पाय? टाचा नाही टेकल्या तरी चालतं, चवडे टेकले की पुष्कळ. माझ्याही टेकत नव्हत्या. पहिला आठवडाभर मी प्रत्येक सिग्नलला लांबूनच बघून ठेवायचो, पाय कुठं टेकायचा, खड्डा नाही ना, वाळू नाही ना — लोकांना वाटायचं काय रुबाबात येतोय, आणि हेल्मेटच्या आत माझ्या कपाळावर घाम. मग होते सवय. सवय कशाचीही होते. आता हात पुढं न्या. पाठ थोडी वाकते, फार नाही. रेसच्या गाडीसारखं पोटावर झोपायला लागत नाही आणि आपल्या साध्या गाडीसारखं खुर्चीत बसल्यासारखंही नाही, मधलं काहीतरी. म्हणून तर घेतली. रोज कामावर जायला चालली पाहिजे आणि सुट्टीत चारशे किलोमीटर मारली तरी उतरल्यावर माणूस माणसासारखा चालला पाहिजे.

तुम्ही आता काय चालवता? एकशे पंचवीस. बघा, मीही तिथूनच आलो. बारा वर्षं तीच गाडी, तीच सीट, तिला तर माझ्या बैठकीचा साचाच पडला होता. मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहे, शिफ्ट बघतो, जायला अडतीस आणि यायला अडतीस किलोमीटर, त्यातलं तीस हायवे. शेजारून ट्रक गेला की ती बिचारी हातभर बाजूला सरकायची. एकदा एका टँकरनं असं काही कडेला दाबलं की मी खडीत उतरलो, पडलो नाही, पण घरी आलो तेव्हा बुटात खडी होती. बायकोनं बूट उपडा केला, खडी बघितली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मोठी गाडी घे.’ मी म्हटलं, ‘अगं, मोठी म्हणजे केवढी?’ तर म्हणाली, ‘जी टँकरच्या पुढं राहील एवढी.’ खोटं वाटेल तुम्हाला. लोकांच्या बायका मोठ्या गाडीला नको नको म्हणतात, माझ्या बायकोनं स्वतः घ्यायला लावली. ती नकाशे काढायची — घरांचे, रस्त्यांचे, पाण्याच्या लायनींचे — तर तिनं इथं पार्किंगमध्ये येऊन टेपनं मापं घेतली. हा खांब, ती भिंत, ते मीटरचं कपाट. कागदावर सगळं आखलं, आणि गाडीच्या आकाराचा एक तुकडा कापून त्यावर फिरवून बघितला, वळते का, हँडल खांबाला लागतं का. म्हणाली, ‘बसते, पण तोंड बाहेर करून लाव, नाहीतर रोज सकाळी ढकलत बसशील.’ आजतागायत तशीच लावतो.

हां, खोट काय काय ते आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. गर्दीत पाय भाजतो. उजवी मांडी. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलात तर जाड पँट पाहिजेच. मायलेज — विचारू नका. नाही, विचारा, विचारायला आलायत. गावात एकोणीस, हायवेला सव्वीस, आणि मस्ती केलीत तर तुमचं तुम्ही बघा. चेन दर सहाशे किलोमीटरला साफ करून तेल द्यायचं, ते मी कधी चुकवलं नाही, वाटल्यास बोट फिरवून बघा. बस, एवढंच. बाकी — काय सांगू? सकाळी साडेसहाला हायवेला लागायचं, पाचवा गिअर, सहावा, हात नुसता ठेवल्यासारखा. ट्रक दिसायचा आणि मागं जायचा. बारा वर्षं मी त्या रस्त्यानं जीव मुठीत धरून गेलो आणि आता त्याच रस्त्यावर गाणी म्हणत जायला लागलो. कारखान्यातले विचारायचे, काय हो, हल्ली भट्टीपाशी उभं राहूनही हसता? आणि आमचे बाबा — बाबा एकतीस वर्षं बस चालवत होते. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही, नातवंडं कोण, जेवलो की नाही, काही नाही. पण संध्याकाळी मी आलो की खाली यायचे, या टाकीवर हात ठेवायचे आणि विचारायचे, ‘कुणाची गाडी?’ मी म्हणायचो, ‘माझी.’ ‘लायसन आहे का?’ रोज. एक दिवस नाही चुकला. मी पण रोज पाकिटातून लायसन काढून दाखवायचो, ते डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि म्हणायचे, ‘ठीक आहे, जा.’ हसू नका — म्हणजे हसा, आम्हीपण हसायचोच. तेव्हा हसायचो.

टायर? मागचा बघा, खाली वाका. मधून सपाट झालाय तो कामावर जाण्यानं, सरळ रस्त्यानं. आणि कडा बघा. अगदी टोकापर्यंत झिजल्यात, अर्धा सेंटिमीटरही कोरा नाही. तो घाट आहे. हे सगळ्यांचं होत नाही हं, पुष्कळ लोकांच्या मोठ्या गाड्या मधूनच झिजतात, कडा अगदी शोरूममधून आल्यासारख्या. चव्वेचाळीसाव्या वर्षी मी ते शिकलो. आमचं चौघांचं टोळकं होतं — एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतला, एक टाइल्सचा दुकानवाला, आणि मी. रविवारी सहाला निघायचं, घाटमाथ्यावर टपरीत ऑम्लेट, दहा साडेदहाला घरी. डॉक्टर सगळ्यात पुढं असायचा. मला चार महिने लागले त्याच्या मागं टिकायला. मागे बसून बायको आली होती दोनदा. मागची सीट पाहिलीत ना, पाट आहे पाट. म्हणाली, ‘तू नव्वदच्या वर गेलास की मला बोलताही येत नाही, तुझं हेल्मेट तेवढं दिसतं.’ पण हसत होती. धरणावर गेलो होतो, तिथं तिनं बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि अर्धा तास तशीच बसून राहिली. घरात असं अर्धा तास कधी बसायला मिळायचं नाही तिला. बाबांचं विसरणं वाढलं तेव्हा तिनं काम सोडलं होतं — सहा वर्षं झाली होती. दोनदा शेजारच्या काकूंनी बाबांना सांभाळलं, तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या, त्यांचंही बरोबर आहे. मग आम्ही रविवार वाटून घेतले. एक माझा, एक तिचा. माझ्या रविवारी मी घाटात, तिच्या रविवारी ती पोहायला, आणि घरी मी. साधा सरळ हिशेब, भांडण नाही काही नाही.

चालू करून बघा की. बटण दाबा. — हां. आवाज ऐका, आत काही खडखड नाही. अकरा हजारच झालेत. हो, मलाही माहितेय, अकरा हजारात कोण विकतं. सगळे तेच विचारतात. तुमच्याआधी दोघं येऊन गेले, त्यांनीही हेच विचारलं. पाठ, दुसरं काय. वय झालं. — आता तुम्ही असे बघताय जसं काही मी कुठंतरी आपटलीय आणि रंग मारलाय. बघा ना, बॅटरी आणा, फोनचा उजेड पाडा, एक ओरखडा सापडला तर फुकट न्या. पाठ नाही, बरं. कारखान्याची बस सुरू झालीय, कोपऱ्यावरून नेते, कोपऱ्यावर सोडते, मग उभीच असते ही. सात महिन्यांत चारदा बाहेर काढली असेल, तीही बॅटरी उतरू नये म्हणून. बाबा गेल्यापासून मी —

बंद करा. इंजिन बंद करा जरा.

नाही, अपघात नाही. गाडीवर काही झालं नाही, शपथ घेतो, कागद स्वच्छ आहेत. गाडीनं काही केलं नाही. तुम्ही उगीच मनात शंका घेऊन जाल आणि मग बाहेर सांगाल की गाडीत काहीतरी आहे, म्हणून सांगतो. तसं सांगण्यासारखं काही नाही. तिचा रविवार होता, एवढंच. म्हणजे मी तिचे रविवार घ्यायला लागलो होतो. एकदा डॉक्टर म्हणाला पुढच्या वेळी मी नाही, म्हणून या रविवारी जाऊ. एकदा हवा चांगली होती. ती म्हणायची, ‘जा, मी पुढच्या वेळी जाईन.’ असे किती झाले असतील? मला वाटत होतं एखाद-दुसरा. नंतर मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून बघितलं, ती तिच्या रविवारांवर बारीक लाट काढून ठेवायची पेन्सिलीनं, पोहायची खूण. आठ लाटा होत्या. त्यातल्या पाच दिवशी मी घाटात होतो. पाच. तिनं एकदाही तोंडातून काढलं नाही. आणि तो रविवार तर पोहण्याचाही नव्हता — तिला एका सर्व्हेवाल्यानं भेटायला बोलावलं होतं, नकाशाच्या कामासाठी. तो आठवडाभर साइटवर असतो म्हणून रविवारी साडेअकराला. सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं. तिनं जुने नकाशे काढून, पुसून, फोल्डरमध्ये लावून ठेवले होते चार दिवस आधी. मी म्हटलं, ‘मी साडेदहाला येतोच, नेहमीच येतो, तू निवांत जा.’ तिनं विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘अगं, आजपर्यंत कधी उशीर झालाय?’

माथ्यावर पोचलो आठला. ऑम्लेट खाल्लं. आणि डॉक्टर म्हणाला, बोगद्याच्या पलीकडचा उतार नवीन केलाय, डांबर काळं कुळकुळीत, एक गाडी नाही. मला निघायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं, हे मी तुम्हाला खरं सांगतो, बघितलं, आणि मनात म्हटलं, जाऊन येऊ, अर्धा तास इकडं तिकडं. पलीकडं चाळीस किलोमीटर खाली गेलो. असा रस्ता मी जन्मात चालवला नाही. परत चढताना मी डॉक्टरच्या मागं, अगदी मागं, आणि कळत होतं की आज हा सापडतो. तेव्हा पहिला फोन आला. हे बघा, हेल्मेटमध्ये कानाशी हे यंत्र असतं. फोन आला की गाणं थांबतं आणि एक बाई नाव वाचते. तिचा नंबर मी ‘घर’ म्हणून ठेवलाय. तर ती बाई कानात म्हणाली — घर. डावीकडचं बटण एकदा दाबलं की फोन उचलतो, दाबून धरलं की कट होतो. मी दाबून धरलं. वळणात होतो, वळणात कोण बोलतं? हे ठीक आहे ना? वळणात कुणीच बोलत नाही. पुढं दहा मिनिटांनी पुन्हा — घर. तेव्हा वळण नव्हतं. डॉक्टर समोर होता, रस्ता सरळ होता, मला त्याच्या पुढं जायचं होतं. कट केला. आणि गेलो पुढं. गेलो! मागून त्यानं हॉर्न वाजवला, शाबासकीचा. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिसरा. तेव्हा मात्र थांबता आलं असतं, कडेला जागा होती, सगळं होतं. पण काय बोलणार? मी कुठं आहे म्हणून सांगणार? लाज वाटली. तुमचा विश्वास बसणार नाही, पण तो तिसरा फोन मी लाजेनं कट केला. मग परत आला नाही.

बोगद्याच्या तोंडाशी थांबलो तेव्हा मेसेज होता. ‘कुलूप लावून जातेय. बाबा रेडिओ ऐकतायत. किल्ली तुझ्याकडे आहे. लवकर ये.’ आता माणसाला धस्स व्हायला पाहिजे की नाही? मला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं, खांद्यावरचं उतरल्यासारखं. म्हटलं चला, गेली एकदाची, तिचं काम अडलं नाही, म्हणजे आपण काही फार वाईट केलं नाही. आणि मी चहा सांगितला. सगळ्यांसाठी. हे मी — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, चहाचं. फोनचं निदान तिला तरी माहितेय.

तुम्ही उतरता का? उतरा, उतरा, आधी स्टँड लावा. या इकडं, सावलीला.

पावणेएकला पोचलो. कुलूप काढलं. रेडिओ चालू होता. तिनं काय काय केलं होतं ते मला नंतर एकेक दिसत गेलं — गॅस सिलिंडरपाशी बंद, बाथरूमची फरशी पुसून कोरडी केलेली, पाण्याचा ग्लास हाताशी, आणि दारावर बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला कागद, मोठ्या अक्षरात, नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरात, ‘मी दीड वाजता येते. इथंच थांबा.’ माणूस जेवढं करू शकतो तेवढं तिनं केलं होतं. पण बाबांना ड्यूटीवर जायचं होतं. त्यांना रोजच जायचं असायचं, आपण गोड बोलून बसवायचो. दार उघडेना म्हणून त्यांनी स्टूल ओढलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणाला तरी हाक मारायला. ओट्याखाली पडले होते. शुद्धीवर होते. मी खाली बसलो, हातात हात घेतला, हातमोजाही काढला नव्हता मी. मला म्हणाले, ‘साहेब, माझी पहिली गाडी चुकली.’ मला साहेब म्हणाले. माफी मागत होते. त्यांना वाटलं डेपोतला साहेब आलाय. मी म्हटलं, ‘असू दे, दुसऱ्या माणसानं नेली गाडी.’ तेव्हा जरा शांत झाले.

खुबा मोडला होता. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले या वयात खुबा मोडणं नुसतं हाडाचं नसतं. झोपून राहिले, छातीत कफ साठला, तेविसाव्या दिवशी गेले.

नाही, बाबा पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं सांगतोय मी आता. ताई आली होती. माझी मोठी बहीण. तिनं मला वाढवलंय म्हणा ना, आई लवकर गेली आमची. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. ताईनं विचारलं, ‘कुलूप कुणी लावलं?’ बायको म्हणाली, ‘मी लावलं.’ ताबडतोब म्हणाली, मान वर करून. ‘म्हातारा माणूस आत आणि बाहेरून कुलूप?’ मग ताई माझ्याकडं वळली. ‘आणि तू कुठं होतास?’ म्हटलं, ‘घाटात.’ ‘फोन नव्हता तुझ्याकडं?’ आणि मी म्हणालो — विचार करून नाही हो, खरंच नाही, तोंडातून आपोआप निघालं, जसं काही कुणीतरी आधीच आणून ठेवलं होतं — ‘घाटात रेंज नव्हती.’

बायकोनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि म्हणाली, ‘मी औषधं घेऊन येते.’

तिथंच दुरुस्त करता आलं असतं. ती जिना उतरत होती तोवर करता आलं असतं. ‘ताई, थांब, तसं नाही’ — चार शब्द. मी म्हटलं आता नको, बाबा आत आहेत, बरे झाले की सांगू. मग बाबा गेले, म्हटलं आता कसं सांगू, ताईची अवस्था बघवत नाही. मग पंधरा दिवस गेले. मग महिना. जितका उशीर तितकं ते वाढतं, माहितेय ना? कर्ज परवडलं. आणि ताई काही गप्प बसणारी नाही. सगळ्या नातेवाईकांत झालं — मुलाखतीला जायचं म्हणून सुनेनं सासऱ्याला कोंडलं. कोंडलं! हा शब्द वापरतात. मामाकडे गेलो होतो, आत बायका बसल्या होत्या, हिनं खोलीत पाऊल टाकलं आणि सगळ्या गप्प. ती तशीच उलटी फिरली, मला म्हणाली, ‘तू थांब, मी जाते.’ आणि मी थांबलो. जेवलोसुद्धा. तेव्हापासून ती कुणाकडं येत नाही.

काम मिळालं तिला, हो. नऊला जाते, सहाला येते. पहिल्या दिवशी म्हटलं, सोडतो गाडीनं. ‘नको, बस आहे.’ भांडत नाही. डबा करते, माझाही करते, वीजबिलाची आठवण करते, ताप आला तर गोळी देते. एकदाच बोलली. कपड्यांच्या घड्या घालत होतो दोघं, चादर होती, दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. म्हणाली, ‘रेंज नसली की ती बाई सांगते, संपर्काबाहेर आहे म्हणून. कट केला की दोनदा वाजून थांबतं. तीनही वेळा दोनदाच वाजलं.’ चादरीची घडी घातली आणि ठेवून आली. का केलंस म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं. तिनं ताईलाही सांगितलं नाही, सात महिन्यांत, कुणालाच नाही. मी वाट बघतोय तिनं सांगायची, हे कळतंय तुम्हाला? मी रोज वाट बघतो की एक दिवस ती ओरडेल, सगळ्यांसमोर सांगेल, आणि मी सुटेन. आणि ती काही सांगत नाही.

मग म्हटलं, गाडी विकू. काहीतरी करायला हवं ना. मी तिला सांगितलं, विकतोय. वाटलं होतं काहीतरी म्हणेल. तिनं विचारलं, ‘का? छान आहे की.’ टोचून नाही, खरंच विचारलं. मग आत गेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गाडी उद्या तुम्ही नेलीत, ही खांबाजवळची जागा रिकामी झाली, तरी घरात काहीच हलणार नाही. शिक्षा म्हणून माणूस आपल्या आवडीची वस्तू टाकून देतो आणि त्याला वाटतं झालं, फिटलं. ज्याचं गेलं त्याला काय त्याचं? तिला तिचं नाव परत पाहिजे. ते माझ्या खिशात आहे.

गेटकडं? नाही, सहज बघतोय. — बरं, सहज नाही. ताई येणारेय. बाबांची पेटी न्यायला, त्यांचे बिल्ले, सर्टिफिकिटं, युनिफॉर्म. फोनवर म्हणाली अकराला येते, पाणीसुद्धा घेणार नाही, पेटी उचलेन आणि जाईन. वर बायको पेटी भरतेय, एकेक कपडा झटकून, मोजे जोडीनं लावून. आणि मी तुम्हाला नेमकं अकराला का बोलावलं? तुम्ही फोनवर म्हणालात दुपारी जमेल, मी म्हटलं नाही नाही, अकरालाच या. कारण तुम्ही असलात की मला खाली थांबता येईल. गिऱ्हाईक आलंय म्हणून. त्या दोघी वर दारात समोरासमोर येतील तेव्हा मी इथं तुम्हाला चेन दाखवत असेन. असा माणूस आहे मी. बघा. टायरच्या कडांपर्यंत गाडी झोपवणारा.

तुम्हाला सांगून काही उपयोग नाही, ते कळतंय. तुम्ही कोण? उद्या तुम्ही दुसरी गाडी बघायला जाल. इतकं घडाघडा बोललो तुमच्याशी, एकदा अडखळलो नाही, आणि आपल्याच बहिणीसमोर —

रिक्षा थांबली. तीच आहे. काठी घेतलीय हातात, कधीपासून? मला बोलली नाही काठीचं. थकली हो. — नाही, तुम्ही थांबा, जाऊ नका. म्हणजे — नको, नाही, जा. जा तुम्ही. गाडीचं बघू. मी फोन करतो, नाही केला तर समजा नाही. — ताई! अगं, जिना नको चढू. पेटी आणतो मी खाली, नंतर आणतो. तू आधी इकडं ये. कठड्यावर बस. नाही, तिनं नाही सांगितलं अडवायला, तिला माहीतही नाही, मीच — बस म्हणतोय ना, ताई. मला तुझ्याशी बोलायचंय. आत्ताच. हे? हे कुणी नाहीत, गाडी बघायला आलेत. निघालेत ते. — अहो, निघा ना. कृपा करा, निघा आता.